रविवारची उपासना झाली, सोमवार ते शनिवारचं काय?

बोरिवली_चर्चगेट

सलाम मंडळी. उपदेश नको, कामाची उत्तरं हवी आहेत. रविवारची उपासना, महिन्यातून एकदा प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी), बुधवारी घरसभा, एवढं नियमाने होतं. बाकी सहा दिवस दारापासून दारापर्यंत दीड तासाचा प्रवास, नऊ तास ऑफिस, मग हप्ते आणि मुलांचा अभ्यास. यात ख्रिस्ती असणं नेमकं कुठे दिसायला हवं? ‘प्रार्थना करा, वचन वाचा’ हे लहानपणापासून ऐकतोय. कधी, किती वेळ, कुठून सुरुवात, आणि हे सगळं मोडतं कुठे, ते कुणी सांगेल का?

अडचणीच्या जागा तीन. ऑफिसात दरवर्षी सत्यनारायण असतो आणि वर्गणीची यादी फिरते. दुसरी पैशाची: दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला) कसा मोजायचा, आणि करबचतीसाठी दिलेल्या खोट्या भाडेपावत्यांचं आता काय करायचं. तिसरी, मंडळीतल्याच एका माणसाशी बोलणं बंद आहे.

सकाळची_फास्ट

पहिल्या भागापुरतं लिहितो. वाचन आणि प्रार्थना एकाच वेळेत कोंबू नका, दोन्ही अर्धवट होतात. वाचन घरी बसून, प्रार्थना गाडीत उभ्याने, अशी सरळ वाटणी करा.

वाचनाचं गणित सोपं आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच धरले तर ५२ आठवड्यांत बरोबर संपतात, शनिवार-रविवार मोकळे राहतात. सरासरी अध्यायाला पाच-सात मिनिटं पुरतात. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. सोळाच अध्याय आहेत, चौथ्या आठवड्याच्या सोमवारी संपतो, आणि काहीतरी पूर्ण केल्याचं बळ येतं. बहुतेक लोक १ जानेवारीला उत्पत्ती उघडतात, रोज तीन अध्याय ठरवतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० मिळून ९०, म्हणजे बरोबर ३१ जानेवारीला लेवीय लागतं. तिथे होमार्पण आणि चरबीचे नियम सुरू झाले की गाडी यार्डात जाते ती पुढच्या जानेवारीलाच बाहेर येते. लेवीय वाईट नाही हो, पण ते एकट्याने आणि सकाळी साडेपाचला वाचायचं पुस्तक नाही.

दिवस चुकला तर तो अध्याय शनिवारी वाचा. दोनपेक्षा जास्त साठले तर सोडून द्या आणि ज्या अध्यायावर आहात तिथूनच पुढे चला. साठलेले अध्याय म्हणजे थकलेल्या हप्त्यांसारखे असतात, त्यांच्या धाकाने माणूस पुस्तकच उघडत नाही.

आता गाडीतलं. उभ्याने फोनवर वाचायला जाऊ नका, अंधेरीनंतर हात वर निघत नाही. विझिटिंग कार्डाएवढ्या कागदावर एकच वचन हाताने लिहा, शर्टाच्या खिशात ठेवा, सोमवारी बदला. छापील कार्ड चालेल, पण स्वतः लिहिलेलं लवकर पाठ होतं. आणि कृपा करून स्पीकरवर ऑडिओ बायबल लावू नका. डब्यातल्या रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाची झोप मोडून कुठली साक्ष?

प्रार्थनेसाठी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थनाच घ्या. तिच्यात सहा मागण्या आहेत (कॅथलिक मंडळी सात मोजतात), आणि नेहमीची फास्ट घेतली तर तुमच्या वाटेवर थांबे सहाच: बोरिवली, अंधेरी, वांद्रे, दादर, मुंबई सेंट्रल, चर्चगेट. एका थांब्याला एक मागणी, पुढचा थांबा येईपर्यंत तीच धरून राहायचं. बोरिवलीला ‘तुझे नाव’, अंधेरीला ‘तुझे राज्य’, वांद्र्याला ‘तुझी इच्छा’. दादरला चौथी मागणी, रोजची भाकर येते, आणि ती तिथेच यावी. ‘आमची’ भाकर म्हटलंय, ‘माझी’ नाही. म्हणजे ज्याचं कोपर बरगडीत रुतलंय तो, चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला तो, आणि उतरता न आल्यामुळे शिव्या देत पुढे गेलेला तोसुद्धा. मुंबई सेंट्रलला क्षमा. चर्चगेटला उतरताना ‘परीक्षेत आणू नको’, कारण परीक्षेचं ठिकाण तिथून दहा मिनिटांवर आहे. मन भरकटतं तेव्हा चिडायचं नाही, पुढच्या स्टेशनच्या घोषणेला परत यायचं. घोषणा आहेच त्यासाठी.

खतावणी

पैशाचं मी घेतो.

दशांश हातात येणाऱ्या पगारावर मोजायचा की कापण्याआधीच्या, हा वाद मंडळ्यांमध्ये वर्षानुवर्षं चाललाय. नव्या करारात टक्केवारीची सक्ती नाही. प्रेषित पौलाची सूचना आहे ती अशी: आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं (१ करिंथ १६:२), आणि द्यावं ते कुढत किंवा भीडेखातर नव्हे (२ करिंथ ९:७). यातला ‘बाजूला काढून ठेवावं’ हा भाग लोक विसरतात. महिनाअखेरीला उरलेल्यातून द्यायचं म्हटलं की उरत काही नाही. म्हणून पगार जमा झाल्याच्या दिवशी ती रक्कम दुसऱ्या खात्यात वळवण्याची सूचना बँकेला देऊन ठेवा. हातात ४०,००० येत असतील तर ४,०००. हप्त्यांमुळे झेपत नसेल तर १,२०० ने, म्हणजे तीन टक्क्यांनी, सुरू करा आणि प्रत्येक पगारवाढीला एक टक्का चढवा. कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर दान देऊ नका. गावी आईच्या औषधाचे पैसे थांबवून चर्चला दिले, तर येशूने ‘कुर्बान’ (हे देवाला वाहिलंय) म्हणून आईवडिलांना टाळणाऱ्यांना काय सुनावलं ते मार्क ७:११ मध्ये वाचा.

त्या दुसऱ्या खात्यातलं सगळं दानपेटीत गेलंच पाहिजे असं नाही. थोडं तिथेच राहू द्या. वॉचमनच्या मुलाची फी किंवा कुणाचं अचानक आलेलं इस्पितळाचं बिल आलं की तिथून द्यायचं, उसने म्हणून नव्हे. उसने दिलेले परत येत नाहीत आणि माणूसही तोंड चुकवू लागतो. करसवलत मिळेल म्हणून दानाचा आकडा ठरवत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, आणि जुन्या करप्रणालीतही २,००० रुपयांवरच्या रोख दानाला मिळत नाही.

आता भाडेपावत्या. हे लाखो लोक करतात, म्हणून कुणाला ते चोरी वाटत नाही. राहतो स्वतःच्या किंवा वडिलांच्या घरात, भाडं देत नाही, आणि ऑफिसला पावत्या. (वडिलांना खरंच भाडं दिलं, बँकेतून दिलं, आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवलं, तर ते चालतं. इथे तो मुद्दा नाही.) आधी चालू वर्षाचा दावा मागे घ्या. ऑफिसात पुरावे मागायला सुरुवात होते तेव्हा भाड्याचा रकाना कोरा ठेवायचा. पुढच्या पगारात कर जास्त कापला जाईल, ते घरात आधी सांगून ठेवा. मागच्या वर्षांसाठी ‘अपडेटेड रिटर्न’ भरता येतं. मुदत त्या आकारणी वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिने. मूळ कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के जादा, पुढच्या बारात ५०, नंतर ६० आणि ७०. खात्याने त्या वर्षाची चौकशी सुरू केली की हा दरवाजा बंद होऊ शकतो, म्हणून आज-उद्या करू नका. आकडेमोड सीएकडून करून घ्या.

मोशेच्या नियमशास्त्रात नुकसानभरपाई म्हणजे मुद्दल अधिक पाचवा हिस्सा (गणना ५:७), २० टक्के झाले. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट परत देतो म्हणाला. तेव्हा २५ टक्क्यांना सरकारची लूट म्हणायच्या आधी जरा थांबा!

एक व्यवहारातली अडचण सांगतो. पावत्यांवर सही कुणीतरी केलेली असते, बहुधा मामा किंवा सासरे. त्यांना न सांगता दुरुस्ती केलीत आणि उद्या त्यांना विचारणा झाली तर नात्यात वितुष्ट येईल. आधी त्यांना सांगा.

वसईची_मावशी

जय ख्रिस्त. वरचं सगळं बरोबर, पण एक राहिलं. सकाळी ठरवलेलं संध्याकाळी तपासलं नाही तर काही टिकत नाही. आम्हा कॅथलिकांत संत इग्नेशियसची जुनी रीत आहे, प्रोटेस्टंट भावंडांनाही चालण्यासारखी. रात्री दहा मिनिटं. पाच पायऱ्या: देवासमोर शांत बसणं, दिवसातल्या दोन-तीन गोष्टींचे आभार, सकाळपासून दिवस पुन्हा नजरेखालून घालणं, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्या कुठे सांभाळायचं ते मागणं. बिछान्यावर पडून करू नका, तिसऱ्या पायरीला घोरू लागाल. खुर्चीत बसा, फोन दुसऱ्या खोलीत.

दिवस नजरेखालून घालताना सगळं मोजत बसलात तर आठवड्यात वैताग येईल. तीनच ठिकाणी बघा: जीभ, पाकीट आणि मोबाईल. वहीत एकच ओळ. सलग तीन रात्री तीच ओळ आली, तर ती पापनिवेदनाला न्यायची. तुमच्यात ती रीत नसेल तर एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्याला सांगायची. एकट्याने झुंजायचं नाही.

रविवारी ड्यूटी लागणाऱ्या कॅथलिकांसाठी: शनिवार संध्याकाळची मिस्सा (उपासना) रविवारचीच धरली जाते. ‘जमत नाही’ म्हणण्याआधी आपल्या धर्मग्रामाचं वेळापत्रक बघा.

आणि घरकामाच्या बाईंचं कुणीच लिहिलं नाही, याचं नवल वाटतं. ख्रिस्तीपण तिथे पहिल्यांदा दिसतं. तिचा पगार १ तारखेला, तिने न मागता. मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नको असं लेवीय १९:१३ सांगतं (तेच लेवीय, जिथे वरच्या दादांची गाडी यार्डात गेली). महिन्याला चार सुट्ट्या, न कापता. मे महिन्यात पंधरा दिवस घर बंद करून गावी गेलात तर पूर्ण पगार द्यायचा, कारण घर तुम्ही बंद केलंत, तिने नाही. बोनस एक पगार, आणि तो दिवाळीला. ‘आमचा सण नाताळ, तेव्हा देऊ’ म्हणणारी घरं आहेत. अहो, तिच्या पोरांना कपडे दिवाळीला लागतात! आणि सिंकखालचा तो वेगळा कप. त्याची दांडी तुटलेली असते, आत चहाचा काळा थर बसलेला असतो, आणि वरच्या भिंतीवर ‘ख्रिस्त या घराचा धनी आहे’ अशी पाटी. तो कप आजच टाका, आणि चहा आपल्याच कपातून द्या, बसायला खुर्ची देऊन.

बोरिवली_चर्चगेट

मनापासून आभार. कप तपासला, आहे. म्हणजे होता.

सत्यनारायणाचं कुणी बोलेल का? पुढच्या शुक्रवारी आहे.

भायखळा_पूल

बोलतो. पूजेच्या दिवशी ठरवायला गेलात तर चुकणार, त्यामुळे शुक्रवारच्या आधीच ठरवा.

दोन उदाहरणं नीट वाचा. नामान अरामी सेनापती होता, कोडातून बरा झाल्यावर त्याने संदेष्टा अलीशाला विचारलं की धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची क्षमा व्हावी. अलीशा एवढंच म्हणाला, शांतीने जा (२ राजे ५:१८-१९). म्हणजे नोकरीचा भाग म्हणून तिथे हजर असणं आणि पूजा करणं यांत फरक करायला वाव आहे. दुसरा दानिएल. त्याने राजाचं अन्न नाकारलं, पण अधिकाऱ्याला विनंती करून, पर्याय पुढे ठेवून, दहा दिवसांची मुदत मागून. ताट ढकललं नाही. नाकारायचंच असेल तर असं.

वर्गणी: जो यादी फिरवतो त्याला आदल्या आठवड्यात एकट्याला गाठा. ‘पूजेच्या खर्चात मी नसेन, पण सगळ्यांच्या जेवणाचा माझा वाटा घ्या, आणि खुर्च्या लावायला मी लवकर येतो.’ मग खरंच लवकर या. ऑफिसच्या ग्रुपवर लांबलचक खुलासा टाकलात तर तो वाद होतो, साक्ष होत नाही. पैसे वाचवायला धर्म आठवला असं कुणाला वाटू नये, म्हणून जेवणाचा वाटा वर्गणीपेक्षा कमी नको.

आरती चालू असताना मागे शांत उभं राहा किंवा जागेवर काम करत बसा. मोबाईल चाळत हसू नका. त्यांच्यासाठी तो देव्हारा आहे.

प्रसाद. इथे ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही. पौल १ करिंथ १० मध्ये तीन प्रसंग वेगळे करतो: बाजारात विकलेलं न विचारता खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नको. सत्यनारायणाच्या शिऱ्याबद्दल कुणी सांगायची गरजच नसते. सव्वाच्या मापाचा रवा, तूप, साखर, वर केळं, वासावरूनच कळतं. त्यामुळे पुष्कळ मंडळ्यांत तो घेत नाहीत. काही जण मूर्ती काहीच नाही (१ करिंथ ८:४) या आधारावर घेतात. तुमच्या पाळकांशी बोला, आणि जे ठरेल ते दर वर्षी सारखं ठेवा. नाही म्हणायचं तर हात जोडून, हसून, ‘मी घेत नाही, राग मानू नका, जेवायला मात्र आहे.’ सगळ्यांत वाईट मधला मार्ग: द्रोण हातात घ्यायचा, ‘वा!’ म्हणायचं आणि ड्रॉवरमध्ये सरकवायचा. सोमवारी मुंग्यांची रांग की-बोर्डपर्यंत येते आणि शिपाई सगळ्यांना सांगतो.

जुना_करार

थोडा वेगळा आवाज. जेवणाचा वाटा वगैरे ठीक, पण नवीन विश्वासात आलेल्या माणसाने नामानाचा दाखला घेऊ नये. त्याने पूजेच्या तासाला रजा टाकलेली बरी. पौलाचा मुद्दा ‘मला चालतं का’ हा नसून ‘बघणारा अडखळतो का’ हा आहे. त्याच्या शेजारी कोण उभं आहे यावर उत्तर बदलतं.

भायखळा_पूल

मान्य. माझ्या उत्तरात ते यायला हवं होतं.

पाळकांचा_शेजारी

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही. तोच सगळ्यांत अवघड.

मत्तय १८:१५ चा क्रम पक्का आहे: आधी दोघंच, मग एक-दोन जण घेऊन, मग मंडळी. मोडतो पहिल्याच पायरीला. पहिली पायरी टाळून लोक थेट मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातात, आणि तेही ‘अमक्यासाठी प्रार्थना करा, तो सध्या चुकीच्या वाटेवर आहे’ अशा रूपात. प्रार्थनाविषयाच्या वेष्टनातली चहाडी ओळखायला शिका. ज्याच्यासाठी प्रार्थना मागताय त्याची परवानगी घेतली आहे का, एवढं विचारलं की अर्धे विषय गळून पडतात.

तुमच्या बाबतीत, पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी भेटा. देणगी वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तय ५:२३-२४ आहे, म्हणजे तारीख ठरलेलीच आहे. मेसेज नको, मेसेजला स्वर नसतो आणि स्क्रीनशॉट निघतो. फोन करून फक्त वेळ ठरवा. चर्चच्या आवारात भेटू नका, लोक बघतात. त्याच्या घराजवळच्या हॉटेलात दोन कटिंग पुरतात. पहिलं वाक्य आपल्या चुकीचं, नाव घेऊन, उदाहरणार्थ: ‘कमिटीच्या बैठकीत मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं, ते चुकलं.’ ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ हे माफी मागणं नव्हे. आणि वाक्यात ‘पण’ आला की तिथेच थांबा. समोरचा गप्प बसला तरी चालेल. तुमचा भाग झाला, बिल द्या आणि निघा. दोन आठवडे थांबून मग दुसऱ्या पायरीचा विचार.

क्षमा म्हणजे पुन्हा उधार देणं नाही, हेही लिहून ठेवतो. आणि घरात मारहाण होत असेल तिथे हा क्रम लावायचाच नाही. कुणी पाळक बाईला ‘सहन कर, क्षमा कर’ सांगत असेल तर तो चुकतोय. आधी सुरक्षित जागा आणि १८१ ही महिला हेल्पलाइन, बाकीचं नंतर.

परळ_नाका

सगळं घर, ऑफिस, चर्च झालं. एक बाहेरचं सुचवतो, महिन्यातून दोन तासांचं. परळला टाटा मेमोरियलमध्ये देशभरातून रुग्ण येतात, कित्येकांचे नातेवाईक फूटपाथवर राहतात, आणि रक्ताची, प्लेटलेटची गरज रोजची. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, एवढं असेल तर रक्त देता येतं. पुरुषांना ९० दिवसांनी, स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा. प्लेटलेटला तासाभराहून जास्त लागतो आणि त्याआधी तीन दिवस अॅस्पिरिन घेतलेली चालत नाही. उपाशी जाऊ नका. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) उपवास धरून जाणाऱ्यांना चक्कर येते आणि परत पाठवतात.

रुग्णाला भेटायला जाल तेव्हा दहा मिनिटं, पलंगावर बसायचं नाही, ‘कुठल्या स्टेजला आहे’ विचारायचं नाही. प्रार्थना करू का, हे आधी विचारा, नाही म्हणाले तर तिथेच विषय संपवा. बरं होईलच असं वचन देवाच्या नावाने देऊ नका. नातेवाइकाला रात्रभर सोबतीला माणूस हवा असतो. ती एक रात्र घ्या, तो बिचारा आंघोळ करून झोपून येतो.

हार्बर_स्लो

पहिल्या उत्तरातला सहा मागण्यांचा हिशेब फास्टवाल्यांना ठीक आहे. पनवेल ते सीएसएमटी दर तीन मिनिटांनी स्टेशन येतं, तिथे कसं करायचं?

सकाळची_फास्ट

एक मागणी चार-पाच स्टेशनं धरून ठेवायची. भाकर कुर्ल्याला येईल असं बघा, दादरची गर्दी तिथे भेटते.